सामन्याला माणसं कशी आणायची: छोट्या क्लबसाठी पायरीपायरीने

प्रेक्षक कमी झाले की क्लबची पहिली धाव फ्लेक्सकडे जाते. मोठा फ्लेक्स लागतो, त्यावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो येतात, आणि पुढच्या सामन्याला तेवढीच माणसं दिसतात. बहुतेक वेळा लोकांना सामना माहीत असतो. यायला कारण नसतं, किंवा मागच्या वेळी आल्यावर इतका खोळंबा झालेला असतो की पुन्हा यावंसं वाटत नाही.

स्थानिक पातळीवर निव्वळ खेळ बघायला अनोळखी माणूस क्वचित येतो. तो कुणासाठी तरी येतो: भाऊ खेळतो म्हणून, वर्गातली मुलगी संघात आहे म्हणून, शेजारी पंच आहे म्हणून. खालच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत. ओळखीचा धागा पकडायचा, आलेल्या माणसाचे दोन तास सुखात जातील हे बघायचं आणि दुसऱ्यांदा बोलावायचं. खेळ कुठलाही असो, क्रम हाच ठेवा.

१. आधी मोजा

"बरीच गर्दी होती" हा आकडा नव्हे. निदान दोन सामने काहीही न बदलता फक्त मोजा, नाहीतर पुढे काय उपयोगी पडलं ते कळणारच नाही.

मोजायची वेळ ठरवून टाका. फुटबॉलला २५वं मिनिट बरं: उशिरा येणारे पोचलेले असतात, मध्यंतराला निघणारे अजून निघालेले नसतात. कबड्डीत पहिल्या डावाचं १५वं मिनिट, व्हॉलीबॉलमध्ये दुसऱ्या सेटची सुरुवात. दोघांनी वेगवेगळं मोजावं, एकमेकांना न विचारता. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर परत मोजा. खेळाडू, राखीव खेळाडू, पंच, कार्यकर्ते आणि स्टॉलवाले यात धरायचे नाहीत. हे एवढं सोपं असूनही सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण त्यांना धरलं की आकडा छान दिसतो.

दोनशेच्या वर माणसं असतील तर उंचावरून फोटो काढा, त्यावर चौकटी आखा, तीन-चार चौकटींतली डोकी मोजून सरासरी काढा आणि भरलेल्या चौकटींच्या संख्येने गुणा. बर्कलीतले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभा मोजायला हीच युक्ती वापरली होती, आणि आजही ती चालते.

एकूण आकड्यापेक्षा मोलाचा आकडा म्हणजे पहिल्यांदा आलेले किती. त्यासाठी प्रवेशाजवळ एक फळा आणि तीन रंगांच्या गोल टिकल्या ठेवा. पहिल्यांदा आलेल्याने लाल टिकली चिकटवायची, दोन ते पाच वेळा आलेल्याने निळी, त्याहून जुन्याने हिरवी. फॉर्म भरायला कुणी थांबत नाही, टिकली मात्र मुलं हट्टाने लावतात. फळ्याचा फोटो काढून ठेवा.

वहीत (किंवा शीटमध्ये) प्रत्येक सामन्यासमोर इतकं हवं: तारीख, वार, वेळ, प्रतिस्पर्धी, हवामान, एकूण, लाल-निळे-हिरवे, त्या दिवशी आजूबाजूला दुसरं काय होतं, आणि आपण या वेळी नवीन काय केलं. निकालही लिहा. तुलना करताना सारख्याची सारख्याशी करा. पारंपरिक प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना आणि भर उन्हातला सराव सामना एका रेषेत मांडून "जाहिरात चालली" असा निष्कर्ष काढू नका.

२. प्रत्येक खेळाडूमागे दहा नावं

ही पायरी सर्वांत जास्त माणसं आणते आणि हिला सर्वांत कमी खर्च येतो. म्हणूनच बहुधा कुणी मनावर घेत नाही.

प्रत्येक खेळाडूला एक कागद द्या आणि दहा नावं लिहायला सांगा: गेल्या वर्षभरात एकदाही सामना न बघितलेली, पण तो बोलावेल तर विचार करतील अशी. अठरा खेळाडू म्हणजे १८० नावं. भावाभावांची, मित्रामित्रांची नावं दोनदा आलेली वगळली की १३०-१४० उरतील. चौघांतला एक आला असं हिशेबापुरतं धरलं तरी पस्तीस नवी माणसं झाली, आणि एकही पोस्टर लागलं नाही.

काही अटी पाळा:

- बोलावणं खेळाडूने स्वतः द्यायचं, फोनवर किंवा समोर. क्लबच्या नंबरवरून आलेला निरोप म्हणजे जाहिरात, मित्राचा फोन म्हणजे आग्रह.
- सगळ्यांनी एकाच सामन्याला सगळी नावं संपवू नयेत. दर घरच्या सामन्याला तीन किंवा चार खेळाडू "यजमान" नेमा आणि त्या आठवड्यात बोलावण्याचं काम त्यांचं.
- ज्या दिवशी ज्याची माणसं येणार, त्या दिवशी त्याला थोडा वेळ तरी खेळवा. पाहुणे येतात आणि त्यांचा माणूस पूर्ण वेळ बाकावर बसतो, हा प्रकार दोनदा झाला की ती नावं कायमची गेली. संघनिवड प्रशिक्षकाचीच, पण यजमान ठरवताना त्याला विचारायला काय हरकत आहे?

लहान गटातली मुलं हा दुसरा मोठा धागा. मध्यंतरात दहा वर्षांखालच्या मुलांचा छोटा सामना ठेवा. आठ-आठ जणांचे दोन संघ म्हणजे सोळा मुलं. प्रत्येकाबरोबर दोन मोठी माणसं आली तर बत्तीस. फुटबॉलचं मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचं असतं. त्यात मुलांना मैदानावर आणायला दोन, बाहेर काढायला दोन आणि मुख्य संघांना परत उतरायला थोडा वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष खेळ सात-आठ मिनिटांचाच धरा. बास्केटबॉललाही मधलं मध्यंतर बहुधा १५ मिनिटांचं, तिथे हे जमतं. कबड्डीचं पाच मिनिटांचं आणि व्हॉलीबॉलच्या दोन सेटमधलं तीन मिनिटांचं. तिथे असलं काही घुसवायला जाऊ नका. मुलांना संघाबरोबर हात धरून मैदानात आणा, तेवढं पुरे.

इथे एक सापळा आहे. मुलांचा सामना मुख्य सामन्याआधी ठेवला तर तो संपल्यावर पालक मुलांना घेऊन घरी जातात. मध्यंतरात ठेवला तर पहिला डाव आपोआप बघितला जातो. तरीही दुसऱ्या डावात गळती होतेच, म्हणून मुलांना शेवटपर्यंत काम द्या: चेंडू परत देणं, गुणफलकाचे आकडे बदलणं, शेवटी खेळाडूंच्या रांगेशी टाळी देणं. पालकांची लेखी संमती आधीच घ्या. मुलांचे फोटो कुठे टाकणार तेही त्याच कागदावर स्पष्ट लिहा.

जुने खेळाडू विसरले जातात. हंगामात एक सामना "जुन्या संघाचा" ठेवा: दहा किंवा वीस वर्षांपूर्वीचा संघाचा फोटो शोधा, त्यातल्या प्रत्येकाला कळवा, मध्यंतरात मैदानात बोलावून नाव पुकारा. हे लोक घरच्यांना घेऊन येतात, कारण घरच्यांनी त्यांना मैदानावर कधी पाहिलेलंच नसतं.

आणि प्रतिस्पर्धी क्लब. दोन आठवडे आधी त्यांच्या चिटणीसांना फोन करून विचारा: किती माणसं येतील, गाड्या कुठे लावतील, बसायला कुठली बाजू हवी. पाहुण्यांना जागा राखून ठेवली आहे हे कळलं की ते वीस-पंचवीस जास्त आणतात. त्यांच्या आवाजाने आपल्या बाजूलाही चेव येतो.

३. वार, वेळ आणि किती वेळ

२००३ साली इंग्लंडमध्ये काउंटी संघांच्या वीस षटकांच्या सामन्यांची स्पर्धा सुरू झाली, त्यामागचा मुख्य विचार वेळेचा होता: काम आटोपून आलेल्या माणसाला एका संध्याकाळी, तीनेक तासांत निकाल बघून घरी जाता यावं. तुम्ही खेळाचे नियम बदलू शकत नाही, वेळेची शाश्वती मात्र देऊ शकता.

शक्यतो सगळे घरचे सामने एकाच वारी, एकाच वेळी ठेवा. "दर दुसऱ्या शनिवारी साडेचार" हे लोकांच्या डोक्यात बसायला साधारण अर्धा हंगाम जातो. मध्ये एकदा रविवार सकाळ केलीत की बसलेली घडी विस्कटते. सवय मोडण्याचा तोटा एखाद्या सोयीच्या तारखेपेक्षा मोठा असतो.

मोठ्या सामन्यांशी टक्कर घेऊ नका, त्यांच्या सुट्टीचा फायदा घ्या. इंग्लंडमधल्या खालच्या पातळीवरच्या फुटबॉल क्लबांसाठी २०१० पासून "नॉन-लीग डे" पाळला जातो. तो अशा शनिवारी ठेवतात जेव्हा राष्ट्रीय संघाच्या सामन्यांमुळे वरच्या साखळीचे सामने नसतात, म्हणजे एरवी मोठ्या क्लबांकडे जाणारा प्रेक्षक मोकळा असतो. हंगामाचं वेळापत्रक हातात येताच दूरदर्शनवरचे मोठे सामने, परीक्षा आणि सण त्यावर लाल पेनाने खुणावा. तीन-चार तरी तारखा हलवण्यासारख्या निघतील. हलवायच्या तर हंगामाआधीच स्पर्धा समितीला पत्र द्या. महिनाभर आधीच्या विनंतीला सहसा नकार येतो.

सुरुवातीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे संपण्याची वेळ, आणि ती पोस्टरवर जवळजवळ कुणीच छापत नाही. लहान मुलं असलेल्या घरात तीच पहिली विचारली जाते. फुटबॉल ९० मिनिटं, १५ मिनिटांचं मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून साधारण एक तास पन्नास मिनिटं. पुरुषांच्या कबड्डीचे दोन डाव वीस-वीस मिनिटांचे, मध्ये पाच. थांबलेला वेळ धरून तासाभरात आटोपते. व्हॉलीबॉलचं नक्की सांगता येत नाही, तीन सेट किंवा पाच, म्हणून "दीड ते अडीच तास" असं लिहा.

४. निरोप: कमी, नेमका, वेळेवर

निरोपात या क्रमाने इतकंच हवं: वार आणि तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, कुणाविरुद्ध, मैदान आणि कुठल्या फाटकाने आत यायचं, प्रवेश मोफत की तिकीट, आणि या वेळी बघण्यासारखं काय. शेवटच्या मुद्द्यात माणसाचं नाव असावं. "अमुकचा शंभरावा सामना" याला वजन आहे. "चुरशीची लढत, चुकवू नका" याला नाही.

नेहमी होणाऱ्या चुका:

- निरोपात "उद्या" किंवा "येत्या शनिवारी" लिहिणं. निरोप पुढे पाठवला जातो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाचतो आणि चुकीच्या दिवशी मैदानावर पोचतो. वार आणि तारीख, दोन्ही लिहा.
- तारखेबरोबर वार नसणं. लोकांना तारीख लक्षात राहत नाही, वार राहतो.
- पोस्टरवर प्रायोजकाचं चिन्ह वेळेपेक्षा मोठं असणं. प्रायोजकाला जागा द्यायचीच, पण दहा पावलांवरून वार आणि वेळ वाचता आली पाहिजे. छापण्याआधी भिंतीला लावून दहा पावलं मागे जाऊन बघा.
- व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवर विसंबणं. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र सगळं सुरळीत गेल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या भेटीत समोरच क्लबचा नंबर साठवून घ्या.

कधी पाठवायचं? दहा दिवस आधी एकदा, म्हणजे बेत ठरवता येतो. तीन दिवस आधी खेळाडूंचे फोन. सामन्याच्या दिवशी सकाळी एक ओळ आणि मैदानाचा ताजा फोटो. याहून जास्त पाठवलंत की लोक आवाज बंद करून ठेवतात, मग महत्त्वाचा निरोपही वाचला जात नाही.

सामना रद्द होणं हे प्रेक्षकसंख्येचं सगळ्यात मोठं दुखणं. येऊन रिकाम्या मैदानावरून परत गेलेला माणूस पुढच्या तीन सामन्यांना फिरकत नाही. पावसाळी दिवसांत निर्णयाची वेळ आधीच जाहीर करा: "दुपारी एक वाजता नक्की सांगू." आणि एक वाजता सांगाच, सामना होणार असला तरी. ही माहिती एकाच ठिकाणी मिळू द्या. तीन ग्रुपवर तीन वेगवेगळ्या बातम्या फिरल्या की लोक घरीच बसणं पसंत करतात.

५. मैदानाची मांडणी

शंभर माणसं चारही बाजूंना पांगली तर मैदान ओसाड दिसतं. तीच शंभर एका बाजूला ४० मीटरमध्ये बसवली तर भरल्यासारखं वाटतं आणि आवाजही घुमतो. कमी प्रेक्षक असताना बाकीच्या बाजूंना सरळ दोरी बांधून त्या बंद करा, मुख्य बाजू भरली की उघडा.

बाजू कोणती? संध्याकाळच्या सामन्याला मैदानाची पश्चिम बाजू. सूर्य पाठीशी राहतो आणि सावलीही आधी तिथेच येते. पूर्वेला बसवलेला प्रेक्षक दुसरा अर्धा सामना कपाळावर हात धरून बघतो. सकाळच्या सामन्याला अर्थात उलट. हे पंधरा मिनिटांचं काम असून वर्षानुवर्षं चुकत राहतं, कारण खुर्च्या ठेवायची खोली ज्या बाजूला असते त्याच बाजूला खुर्च्या मांडल्या जातात.

दोरी सीमारेषेपासून निदान दोन-तीन मीटर मागे बांधा. व्हॉलीबॉलमध्ये मैदानाभोवती किमान तीन मीटर मोकळी जागा नियमानेच लागते. किती माणसं मावतील याचा हिशेब सोपा: दर मीटरला दोन माणसं एका रांगेत. ५० मीटरची दोरी, दोन रांगा, म्हणजे २००. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला सपाट जमिनीवरून काही दिसत नाही. पुढच्या रांगेला सतरंजी, मधल्या रांगेला खुर्ची आणि मागच्यांना उभं राहायला जागा, अशी उतरंड केली तर तीन रांगा बसतात.

*आवाज.* एका टोकाला मोठा भोंगा ठेवण्यापेक्षा प्रेक्षकांच्या बाजूने दर १५-२० मीटरला एक लहान स्पीकर लावा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, त्यामुळे भोंग्याजवळच्याचे कान किटतात आणि लांबच्याला शब्द कळत नाहीत. स्पीकर समोरासमोर दोन टोकांना लावणं आणखी वाईट: आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, १०० मीटरवरचा आवाज साधारण ०.३ सेकंद उशिरा पोचतो आणि सगळं बोलणं घुमून विरतं.

*गुणफलक.* नवीन माणसाला पहिला प्रश्न पडतो: कोण पुढे आहे? आकड्याची उंची दर १० मीटर अंतराला तीन सेंटिमीटर धरा. ६० मीटरवरून वाचायचं असेल तर १८ सेंटिमीटर ही किमान. जागा असेल तर दुप्पट करा. फलकावर दोन्ही संघांची नावं हवीत. "यजमान" आणि "पाहुणे" एवढंच लिहिलं तर कोणता रंग कुणाचा हे उशिरा आलेल्याला समजत नाही, म्हणून नावाशेजारी जर्सीच्या रंगाचं कापड चिकटवा.

*प्रवेश आणि बाहेर पडणं.* ब्रिटनमधल्या मैदान-सुरक्षेच्या हिशेबात एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात, म्हणजे मिनिटाला अकरा. हाताने तिकीट तपासताना याहून कमीच होतात, सुटे पैसे द्यायचे असले तर फारच कमी. समजा ३०० माणसं यायची आहेत आणि त्यातली बरीचशी शेवटच्या पंधरा मिनिटांत येणार. एका वाटेने पंधरा मिनिटांत सगळं सुरळीत गेलं तरी १६५. म्हणजे दोन वाटा हव्याच, आणि तिसरी केवळ पास असणाऱ्यांसाठी ठेवली तर रांग हलती राहते. बाहेर जाताना सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं हा त्याच हिशेबातला आकडा. तुमचं फाटक दोन मीटरचं असेल पण त्यातला अर्धा भाग लावलेल्या गाड्यांनी अडला असेल, तर ते एक मीटरचंच समजा.

स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि बसायला सावली या तीन गोष्टींपैकी एक जरी नसेल तर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेली घरं दुसऱ्यांदा येत नाहीत. तक्रारही करत नाहीत, नुसती येत नाहीत. चांगला निवेदक आणण्याआधी हे नीट करा.

६. सामन्याच्या दिवशी

दोन तास आधी दोऱ्या, खुर्च्या, दिशा दाखवणारे बाण. बाण मुख्य रस्त्यापासून लावा. मैदानाच्या फाटकावर लावलेला बाण पोचलेल्यालाच दिसतो. दीड तास आधी स्पीकर तपासा, तोही सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसून. तासभर आधी फाटक उघडा. अर्धा तास आधीपासून फाटकावर एक हसतमुख माणूस उभा हवा, ज्याचं काम तिकीट तपासणं नाही, स्वागत करणं आणि कुठे बसायचं ते दाखवणं एवढंच. लाल टिकली लावणाऱ्याला तो सांगेल की आपला संघ कोणत्या रंगात आहे.

मग वेळेवर सुरू करा. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. "अजून थोडी माणसं येऊ द्या" म्हणून वीस मिनिटं थांबलात तर वेळेवर आलेल्याला शिक्षा आणि उशिरा आलेल्याला बक्षीस मिळतं, आणि पुढच्या वेळी सगळेच वीस मिनिटं उशिरा येतात. भाषणं आणि सत्कार सामन्याआधी नको. करायचेच असतील तर मध्यंतरात, एका माणसाला एक मिनिट, ध्वनिक्षेपक निवेदकाच्याच हातात.

निवेदकाने काय करावं? चढाई, सर्व्हिस किंवा फ्री किक कुणाला मिळाली आणि का, हे एका वाक्यात. खेळाडूचं नाव आणि क्रमांक. बदललेला गुण. बस्स. खेळ चालू असताना अखंड बोलणारा निवेदक लोकांना आपसात बोलू देत नाही, आणि निम्मे लोक गप्पांसाठीच आलेले असतात. दोन्ही संघांची नावं-क्रमांक असलेला एक पानी कागद वाटा. नवीन प्रेक्षकाला खेळ समजायला लागतो तो ७ नंबरचं नाव कळल्यावर.

प्रेक्षकांत पंचांना शिवीगाळ करणारा एखादा असतोच, बहुधा आपल्याच क्लबचा, बहुधा कुणाचा तरी बाप. त्याच्याशी बोलायला वयाने मोठा, ओळखीचा माणूस आधीच नेमून ठेवा. शिवीगाळ करणाऱ्या एकामुळे आजूबाजूची दहा माणसं जागा बदलतात. त्यातली नवी असतील ती पुन्हा येतच नाहीत.

विजांचा नियम पाठ असू द्या: वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ थांबवा, सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत पाठवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं उलटेपर्यंत कुणालाही मैदानात येऊ देऊ नका. मंडप आणि झाड म्हणजे आसरा नव्हे.

हाताशी हवं ते

कागद: मैदान वापरण्याची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, स्थानिक प्रशासनाला दिलेल्या सूचनेची पोच, विमा असेल तर त्याची प्रत, मुलांच्या पालकांची संमतीपत्रं, स्वयंसेवकांची नावं आणि कामं लिहिलेला एक कागद, जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक, मोठ्या अक्षरात.

सामान: मोजायचे दोन क्लिकर, १५० मीटर दोरी आणि खुंट, टिकल्या आणि फळा, प्रथमोपचार पेटी आणि बर्फ, जाड मार्कर, चिकटपट्टी, वायरींवर टाकायला रबरी पट्ट्या (वायरीत पाय अडकून पडणं हा नेहमीचा अपघात), बॅटरीवरचा एक हाती भोंगा आणि दोन मोठ्या टॉर्च. वीज गेली की स्पीकरही जातो, तेव्हा सूचना याच भोंग्यावरून द्यायची असते. रुग्णवाहिकेची वाट मोकळी आहे ना, हे सुरुवातीला आणि मध्यंतरात असं दोनदा बघा.

७. तिकीट ठेवायचं का?

मोफत प्रवेशाने पहिल्यांदा येणारे वाढतात, पण मोफत नोंदणी करून न येणारेही खूप असतात, आणि त्या आकड्यावर खुर्च्या मागवल्या तर फसगत होते. नाममात्र तिकीट असेल तर येतो म्हणणारा येतो. आमचा कल असा: मुलं मोफत, मोठ्यांना थोडकं तिकीट, आणि हंगामाचा पास घेणाऱ्याला "एक पाहुणा आणा" अशी दोन कुपनं. पासवाला माणूस तसाही येणारच होता. कुपनं वाया जाऊ नयेत म्हणून तो दुसऱ्यालाही ओढून आणतो.

फुकट पास गठ्ठ्याने वाटू नका. कार्यालयांत, दुकानांत ठेवलेले शेकडो पास तिथेच राहतात आणि पैसे देऊन आलेल्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. वाटायचेच तर प्रत्येक पासवर वाटणाऱ्याचा क्रमांक घाला. सामन्यानंतर जमा झालेले पास क्रमांकाप्रमाणे लावले की कोणाच्या हातचे पास खरंच माणसं आणतात ते दिसतं. सहसा दोघं-तिघंच असतात. पुढच्या वेळी पास त्यांनाच द्या.

८. क्लृप्त्या, आणि त्या कधी अंगाशी येतात

प्रेक्षकाला सामन्यात सामील करून घेणारी क्लृप्ती टिकते. बेसबॉलमधले संघमालक बिल वीक यांनी २४ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्सच्या सामन्यात काही प्रेक्षकांच्या हाती "हो" आणि "नाही" असे फलक दिले, आणि डावपेचांचे निर्णय त्यांच्या मतावर घेतले. ब्राउन्स ५-३ ने जिंकले. तुम्हाला एवढं धाडस नको. सामनावीर प्रेक्षकांच्या मतांनी निवडा, मतपेटी शेवटच्या दहा मिनिटांत फिरवा, आणि मत देणाऱ्यांतूनच एक नाव काढून त्याच्या हस्ते बक्षीस द्या. लोक निकालासाठी थांबतात.

खेळाशी संबंध नसलेली गर्दी खेचणारी क्लृप्ती मात्र धोक्याची. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर, डिस्को संगीताची एक तबकडी आणि ९८ सेंट आणणाऱ्याला प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्या स्फोटाने उडवायच्या होत्या. संयोजकांचा अंदाज वीसेक हजारांचा होता, आली पन्नास हजारांच्या आसपास. स्फोटानंतर लोक मैदानात घुसले, मैदानाची नासाडी झाली आणि यजमान शिकागो व्हाइट सॉक्सना दुसरा सामना सोडून द्यावा लागला. आकड्याच्या दृष्टीने तो दिवस यशस्वीच म्हणायचा! छोट्या प्रमाणात हेच होतं: प्रसिद्ध गायक मध्यंतरात बोलावला की मध्यंतरापर्यंत मैदान भरतं आणि दुसरा डाव रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला जातो.

९. दुसऱ्यांदा बोलावणं

पुढच्या घरच्या सामन्याची घोषणा सामना संपल्यावर करू नका. तेव्हा लोक उठून चपला शोधत असतात. संपायला दहा मिनिटं असताना, खेळ थांबलेल्या क्षणी, फक्त वार, तारीख, वेळ. बाहेरच्या वाटेवर तेच लिहिलेला फलक लावा.

संपल्यावर पाच मिनिटं खेळाडूंनी दोरीजवळ यावं, हरले असले तरी. तोंड पाडून थेट खोलीत जाणारा संघ ज्यांच्यासाठी माणसं आली होती त्यांनाच लपवून ठेवतो. अर्ध्या तासात निकाल आणि चार फोटो पाठवा. त्यात दोन फोटो प्रेक्षकांचे असू द्या, ते जास्त पुढे जातात. दोन दिवसांत यजमान खेळाडूंनी आपापल्या पाहुण्यांना आभाराचा फोन करावा आणि एकच प्रश्न विचारावा: "काय आवडलं नाही?" उत्तरं वहीत लिहा.

आता टिकल्यांकडे परत या. लाल भरपूर आणि निळ्या वाढत नाहीत, म्हणजे बोलावणं चांगलं पण दिवस खराब जातोय: पाचवी आणि सहावी पायरी तपासा. लाल जवळजवळ नाहीत आणि हिरव्या स्थिर, म्हणजे तीच तीच माणसं येतायत: दुसऱ्या पायरीवर काम करा. हिरव्याच घटत असतील तर त्या माणसांना नावानिशी फोन करा, आजच्या आज. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार घरचे सामने तशीच ठेवून बघा. एका सामन्याच्या आकड्यावर काहीच ठरत नाही, कारण त्या दिवशी नुसतं ऊन जास्त असेल.